दापोली परिसरातील पर्यटन

दापोली परिसरातील पर्यटन म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुका आणि त्याला उत्तरेस लागून असलेला मंडणगड तालुक्याचा किनारा या भागात सुट्टीच्या काळात होणारे, मुख्यतः ग्रामीण स्वरूपाचे पर्यटन होय. डोंगर, खाड्या, पुळणी आणि नारळी-पोफळीच्या बागा येथे अगदी जवळजवळ आहेत. सकाळी डोंगरावर असलेला प्रवासी तासाभरात समुद्रावर पोहोचू शकतो. कोकण रेल्वे व मुंबई-गोवा महामार्ग हे दोन्ही पूर्वेकडील खेड तालुक्यातून जातात, त्यामुळे किनाऱ्यावरची गावे दीर्घकाळ वर्दळीपासून अलिप्त राहिली. हीच निवांतता आज पर्यटकांना येथे आणते, आणि वाढत्या पर्यटनाने पहिला धक्काही तिलाच बसतो.

भूप्रदेश

दापोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवरील पठारावर वसले असून समुद्र तेथून सात-आठ किलोमीटरवर आहे. इ.स. १८१८ नंतर इंग्रजांनी येथे लष्करी छावणी उभारली, म्हणून जुनी माणसे आजही गावाला ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. थंड हवेमुळे रूढ झालेले ‘मिनी महाबळेश्वर’ हे नाव मात्र जाहिरातीतच अधिक शोभते. दापोलीचे रूप महाबळेश्वरासारखे नाही.

गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या, सपाट जमिनीतून, म्हणजे परभणी-नांदेडकडून येणाऱ्या प्रवाशास प्रथम जाणवते ती येथील लाल माती आणि जांभा दगड. घरे, गडगे, विहिरी, देवळांच्या पायऱ्या सर्व काही जांभ्याच्या चिऱ्यांचे असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडूनही सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी पर्यटकांची गर्दी असताना, अनेक वाड्यांवर पाण्याची टंचाई असते. मे महिन्यात मुक्कामास येणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

कृषी शिक्षणाच्या दृष्टीने दापोलीचे परभणीशी एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणची कृषी विद्यापीठे १९७२ साली स्थापन झाली. दापोलीचे विद्यापीठ आज डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

प्रमुख ठिकाणे

हर्णै हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. होड्या किनाऱ्याला लागल्या की पुळणीवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. बोली, टोपल्या, बर्फ आणि बैलगाड्या यांची ती गडबड पाहण्यास पर्यटक आवर्जून जातात. तथापि तो देखावा नसून कोळी बांधवांचा रोजचा व्यवहार आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. समोरच्या बेटावर सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग असून किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला हे त्याचे साथीदार आहेत. आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे होते. १७५५ साली पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत ते तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेण्यात आले. मराठ्यांचेच आरमार दुबळे करणारी ही मोहीम इतिहासात वादाचा विषय ठरली आहे.

हर्णैच्या उत्तरेस जोग नदीच्या खाडीपलीकडे आंजर्ले आहे. पूर्वी तेथे तरीने जावे लागे; आता पूल आहे. येथील ‘कड्यावरचा गणपती’ या देवस्थानाच्या आवारातून माडांचे शेंडे आणि त्यापलीकडचा समुद्र एकाच दृष्टिक्षेपात दिसतो. दक्षिणेकडे मुरूड, कर्दे, लाडघर आणि कोळथरे ही किनाऱ्यावरची गावे क्रमाने लागतात. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तालुक्याच्या आतील भागातील पालगड हे साने गुरुजींचे जन्मगाव असून ‘श्यामची आई’ (१९३५) वाचलेल्या विद्यार्थ्यांना त्या पुस्तकातील परिसर येथे ओळखता येतो. दापोलीजवळील वणंद हे रमाबाई आंबेडकर यांचे जन्मगाव आहे.

या परिसराचा स्वभाव समजून घ्यायचा तर आसूदला जावे. रस्ता सोडून पोफळीच्या दाट बागेतून पाखाडी उतरावी, ओढ्यावरचा साकव ओलांडावा आणि पुन्हा चढून केशवराजाच्या देवळात पोहोचावे, असा हा मार्ग आहे. देवळापाशी गोमुखातून पाणी पडत असते आणि डोंगरातले पाणी पाटांनी बागांना दिले जाते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या कादंबरीची पार्श्वभूमी हाच प्रदेश होय. पेंडसे यांचा जन्म जवळच्याच मुर्डी गावचा.

पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीच्या काठी २९ लेण्यांचा समूह आहे. प्रारंभी बौद्ध असलेल्या या लेण्यांत पुढे शैव, गाणपत्य आणि नाथ संप्रदायांनी आपापल्या खुणा कोरल्या. एका ठिकाणी इतक्या उपासनापरंपरा एकमेकींच्या शेजारी पाहावयास मिळणे दुर्मीळ असूनही समुद्राच्या ओढीने आलेले बहुतेक प्रवासी इकडे वळत नाहीत.

घरगुती निवास

पर्यटकांच्या राहण्याची सोय हॉटेलांप्रमाणेच गावातील घरांतूनही होते. मागील दारी आगर, पुढे खळे, पडवीत झोपाळा आणि जेवणात घावने, आंबोळी, सोलकढी, हंगामात फणसाची भाजी असा हा पाहुणचार असतो. मुंबईतील चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या अनेक घरांना यामुळे गावातच उत्पन्न मिळू लागले. कामाचा मोठा भार घरातील स्त्रियांवर पडतो, ही त्याची दुसरी बाजू आहे. रस्त्यालगतच्या जमिनी बाहेरच्या खरेदीदारांकडे गेल्या की आगराच्या जागी बंगला उभा राहतो आणि ज्या सावलीसाठी प्रवासी येतो तीच कमी होते.

कासवांचे किनारे

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीस यांचे मूळ गाव आता ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांमुळे प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने येथे घरट्यांचे रक्षण सुरू केले. त्यापूर्वी अंडी माणसांकडून तसेच कुत्र्या-कोल्ह्यांकडून नष्ट होत. मादीने वाळूत घातलेली अंडी काढून कुंपणाच्या आत पुन्हा पुरली जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे सोडली जातात. २००६ पासून भरणाऱ्या कासव महोत्सवाने गावातील घरगुती निवासाला चालना दिली. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथील ‘प्रथमा’ आणि आंजर्ले येथील ‘सावनी’ या माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून त्यांचा प्रवास अभ्यासण्यात आला.

पिल्ले दिसतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुळणीवरील दिवे, मोबाइलचा झोत आणि वाळूवर चालवलेल्या गाड्या यांमुळे माद्या किनाऱ्याकडे फिरकत नाहीत, शिवाय पिल्लांची दिशाही चुकते.

निसर्ग चक्रीवादळ

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर धडकले. खाडीच्या अलीकडील मंडणगड व दापोली तालुक्यांतही घरांची छपरे उडाली आणि नारळ, पोफळी, आंबा यांच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. भाताचे नुकसान पुढल्या हंगामात भरून काढता येते. माड किंवा पोफळीचे नवे रोप फळाला यायला मात्र पाच-सहा वर्षे किंवा अधिक काळ जातो. त्यातच करोना साथीच्या टाळेबंदीमुळे पर्यटन बंद होते. बाग आणि पाहुणे हे उत्पन्नाचे दोन्ही आधार एकाच उन्हाळ्यात नाहीसे झाल्याने अनेक कुटुंबांना पुन्हा मुंबईची वाट धरावी लागली. पर्यटन पुढे लवकर सावरले, पण बागांना वेळ लागला.

जाण्याचे मार्ग व हंगाम

सर्वांत जवळचे मोठे रेल्वे स्थानक खेड असून तेथून दापोलीस एस.टी. व खासगी वाहने मिळतात. मराठवाड्यातून येणाऱ्यांना पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे आंबेत व मंडणगडमार्गे येता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरण्यास सोयीचा आहे. पावसाळ्यात समुद्रात उतरणे धोक्याचे असते. दक्षिणेस दाभोळ ते धोपावे (गुहागर तालुका) आणि उत्तरेस वेसवी ते बागमांडला (रायगड जिल्हा) या फेरीबोटींतून वाहनासह खाडी ओलांडता येते. खराब हवामानात त्या बंद राहू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक चौकशी करणे इष्ट.