लाल डब्यातून लिनक्स

मंडळी, या शनिवारी इतिहास, पण थोडी आकडेमोड करून.

2004 च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारनं व्याख्या केली: किमान 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. उबुंटूची पहिली आवृत्ती त्याच्या तीनच महिने आधीची, ऑक्टोबर 2004 ची. 700 एमबीची एक सीडी 256 च्या लाइनवर उतरवायला साधारण साडेसहा तास लागायचे, तेही लाइन मध्ये तुटली नाही तर! डायल-अपवर चाळीस तास.

आता आमचं नगर घ्या. पुण्याहून 120 किलोमीटर, एसटीनं तीन तास धरू. कुणी पिशवीत एक सीडी टाकून निघाला तर वेग होतो सुमारे 540 केबीपीएस, म्हणजे ब्रॉडबँडच्या दुप्पट. दहा सीड्या आणल्या तर 5 एमबीपीएसच्या वर. लाल डबा जिंकला :)

हा नुसता विनोद नाही बरं का. लिनक्स आपल्याकडे खरंच असं पसरलं. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर सीडी यायची. उबुंटू तर शिपइट योजनेत घरपोच फुकट सीडी पाठवायचं, एप्रिल 2011 मध्ये ते बंद झालं.

पण सीडीची एक गोची होती. ती ज्या दिवशी बनली, त्या दिवशीच गोठली. दुसऱ्या दिवशी एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर सीडीला त्याचा पत्ताच नाही. यावरचं उत्तर म्हणजे रिपॉझिटरी: सगळी पॅकेजेस एका कोठारात, सोबत यादी, आणि कुणाला कोण लागतं याची नोंद. डेबियन प्रकल्प 1993 चा, पण 1999 च्या 2.1 आवृत्तीत एपीटी आलं आणि एका कमांडीत हे कोठार दारात आलं.

सगळं जग एकाच कोठारावर तुटून पडलं तर ते कोसळणार. म्हणून मिरर. विद्यापीठं, इंटरनेट कंपन्या आणि काही हौशी मंडळी आरसिंक वापरून मूळ कोठाराची हुबेहूब नक्कल ठेवतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरसारख्या संस्थांनी हे काम केलं. यात जाहिरात नाही, बिल नाही. डिस्क, वीज आणि बँडविड्थ त्यांची, डाउनलोड आपलं.

मग प्रश्न येतो भरवशाचा. अनोळखी माणसाच्या मशीनवरून आणलेलं सॉफ्टवेअर थेट रूट म्हणून चालवायचं? नोव्हेंबर 2003 मध्ये खुद्द डेबियनच्या काही सर्व्हरवर घुसखोरी झाली होती. पॅकेजांचं कोठार वाचलं, पण धडा मिळाला. 2007 च्या आवृत्तीपासून एपीटी यादीवरची डिजिटल सही तपासू लागलं. यादीत प्रत्येक पॅकेजचा चेकसम असतो. मिररवाल्यानं एक बाइट जरी बदलला तरी हिशेब जुळत नाही. थोडक्यात, माल कुणाकडूनही घ्या, सही मात्र मूळ मालकाची बघा. मला ही कल्पना एपीटीपेक्षाही भारी वाटते.

आमच्या जिल्ह्यातच याचं जुनं रूप आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं एकाच कणगीत ठेवलं तर एका उंदरानं खेळ खलास. दहा घरांत पेरलं गेलं तर ते टिकतं. आणि दर हंगामाला कुणीतरी पेरावंच लागतं.

कुणी पेरायचं थांबलं तर काय होतं? 30 जून 2024 ला सेंटओएस 7 चं आयुष्य संपलं. त्यानंतर मिररची यादी देणारा पत्ताच बंद झाला. वर्षानुवर्षं चाललेल्या सर्व्हरवर 'यम अपडेट' मारलं की एरर. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या संग्रहात आहेत, पण तो संग्रह म्हणजे म्युझियम. नवी डागडुजी तिथे येत नाही. आपल्या धंद्यातली कितीतरी मशीन्स अशा म्युझियमच्या जोरावर चालू असतात, आणि मालकाला ते माहीतही नसतं.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की एक काम करा. आपल्या सर्व्हरच्या सोर्सेस फाइलमध्ये कुठल्या मिररचा पत्ता आहे ते बघा. तो कोण चालवतं, आणि ती आवृत्ती अजून जिवंत आहे का, तेही शोधा. ऑफिसात शंभर मशीन्स असतील तर स्वतःचा मिरर लावा, म्हणजे बाहेरच्या फुकट कोठारावरचा भार तेवढाच कमी.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.