करारातले शेवटचे सहा महिने : फुटबॉल व्यवस्थापनाच्या संगणक-खेळाची चार दशके

'फुटबॉल मॅनेजर' हा संगणकावरचा खेळ नव्याने सुरू करणाऱ्याला मुरलेली मंडळी बहुधा एक सल्ला सर्वांत आधी देतात. क्लबच्या तिजोरीत पैसा नसेल, तर करार संपायला सहा महिन्यांहून कमी काळ उरलेले परदेशी क्लबांतले खेळाडू शोधावेत, त्यांच्याशी आताच बोलणी पक्की करावीत आणि हंगाम संपताच त्यांना फुकट आणावे. सल्ला हमखास लागू पडतो. पण त्याला एक जन्मतारीख आहे आणि ती लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाच्या दप्तरात सापडते : १५ डिसेंबर १९९५.

त्या तारखेकडे जाण्यापूर्वी खेळाचे स्वरूप पाहू. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. खेळणारा एखाद्या क्लबचा व्यवस्थापक होतो. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, खेळाडू विकत घेणे नि विकणे, पगार ठरवणे, सराव आखणे ही सारी कामे त्याची. सामना संगणक खेळवतो. वरकरणी हे आकडेमोडीचे काम वाटते. तरीही त्यापायी रात्री जागवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

या रचनेतली पहिली ऐतिहासिक गोष्ट म्हणजे 'मॅनेजर' हा माणूसच. सर्वाधिकारी व्यवस्थापक ही खास इंग्लंडची कल्पना आणि तिथेही ती फार जुनी नाही. एकेकाळी संघाची निवड क्लबचे संचालक करीत. १९२५ साली आर्सेनलमध्ये आलेल्या हर्बर्ट चॅपमन यांनी क्लबचा कारभार आपल्या हाती एकवटला, तेव्हा ती नवलाई होती. राष्ट्रीय संघाला तर आणखी उशीर लागला. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ मध्ये इंग्लंडचे पहिले व्यवस्थापक झाले, पण अकरा जणांची निवड समितीच करीत राहिली. निवडीचा पूर्ण अधिकार मिळाला तो १९६३ मध्ये आल्फ रॅम्झी यांना. तीन वर्षांनी त्यांनी विश्वचषक जिंकला. युरोप खंडातल्या अनेक क्लबांत प्रशिक्षक सराव घेई आणि खरेदी-विक्री दुसरेच कोणी पाही. हा खेळ इंग्लंडऐवजी इटलीत जन्माला आला असता, तर खेळणाऱ्याच्या हाती इतक्या किल्ल्या आल्या असत्या का, याची शंकाच आहे.

१९८२ मध्ये केव्हिन टॉम्स या इंग्रज प्रोग्रॅमरने 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा खेळ विक्रीस काढला. (आजच्या त्याच नावाच्या खेळाशी त्याचा थेट संबंध नाही.) आधी तो झेडएक्स८१ या इवल्याशा संगणकावर चाले, नंतर स्पेक्ट्रमवर. प्रत्येक खेळाडूला दोनच आकडे : कौशल्य एक ते पाच, दमसास एक ते वीस. खेळवले की दमसास घटे, बसवले की भरून येई. त्यामुळे त्या काळचा सर्वांत मोलाचा सल्ला साधा होता. दुबळ्या संघाविरुद्ध आपला चांगला खेळाडू बसवून ठेवा, मोठ्या सामन्याला तो ताजा मिळेल. आज प्रत्येक क्लब करतो ती आलटापालट तेव्हा प्रत्यक्ष मैदानावर रूढ नव्हती. १९८०-८१ मध्ये इंग्लिश विजेतेपद पटकावणाऱ्या अ‍ॅस्टन व्हिलाने अख्ख्या हंगामात अवघे १४ खेळाडू वापरले होते.

टॉम्स यांच्या खेळात सुरुवात चौथ्या विभागातून होई आणि ध्येय पहिल्या विभागाचे असे. आज हे परीकथेसारखे वाटेल. १९८२ मध्ये ती वर्तमानपत्रातली बातमी होती. ग्रॅहम टेलर यांनी १९७७ मध्ये वॉटफर्डची सूत्रे हाती घेतली, तेव्हा तो क्लब चौथ्या विभागात होता. १९८२ मध्ये तो पहिल्या विभागात पोहोचला आणि पुढच्याच हंगामात लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला. १९८२-८३ मध्ये चौथा विभाग जिंकणारा विम्बल्डन १९८६ मध्ये सर्वोच्च विभागात होता आणि १९८८ मध्ये त्याने एफए कपही जिंकला. टॉम्स यांनी फार कल्पना लढवली नव्हती. त्यांच्या भोवतीचे फुटबॉलच तसे होते.

दहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९२ रोजी, प्रीमियर लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीचा पैसा वरच्या क्लबांकडे वळला आणि खालून वर येण्याची वाट अरुंद होत गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' बाजारात आला. घरच्या खोलीत बसून लिहिलेल्या या खेळात प्रत्यक्ष सामना दिसतही नसे. पडद्यावर धावत्या समालोचनाच्या ओळी तेवढ्या येत. आजच्या खेळाचा हाच खरा पूर्वज. प्रत्यक्षात ज्या वाटा बंद होत होत्या, त्या या खेळाने उघड्या ठेवल्या. तळाच्या क्लबला वीस वर्षे राबून युरोपचा विजेता करणे, हाच आजही जाणत्या खेळणाऱ्यांच्या लेखी खरा कस मानला जातो.

आता त्या तारखेकडे. झाँ-मार्क बोस्मन हा बेल्जियमचा एक सामान्य खेळाडू. १९९० मध्ये त्याचा आरएफसी लिएज क्लबशी असलेला करार संपला. क्लबने नव्या करारात पगार चौथाईवर आणला आणि त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबात जायचे होते, तर ते जाणेही अडले. तेव्हाच्या नियमानुसार करार संपला तरी खेळाडूच्या बदलीसाठी जुना क्लब पैसे मागू शके. बोस्मन न्यायालयात गेला. पाच वर्षांनी न्यायालयाने सांगितले की, करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताना असे शुल्क लावता येणार नाही. एकमेकांच्या देशांतल्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही त्याच निकालाने गेली. निकालाला बोस्मनचे नाव मिळाले. बोस्मनची स्वतःची कारकीर्द मात्र त्या पाच वर्षांत संपून गेली होती.

पुढच्या वर्षीच्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर'मध्ये हा नियम दाखल झाला. खेळणाऱ्यांना त्यातली मेख चटकन कळली : खेळाडू फुकट येतो, म्हणून वाचलेल्या पैशातून त्याला पगार जास्त देता येतो. तेच गणित प्रत्यक्षातही मांडले जात होते. लिव्हरपूलच्या स्टीव्ह मॅकमॅनामनने जानेवारी १९९९ मध्ये रेआल माद्रिदशी करार केला आणि उन्हाळ्यात तो तिकडे गेला. लिव्हरपूलच्या हाती एक पैही लागली नाही. म्हणून या सल्ल्याला जोडून दुसराही दिला जातो. आपल्या चांगल्या खेळाडूचा करार शेवटच्या वर्षात जाऊ देऊ नये. एकतर वाढवावा, नाहीतर विकून मोकळे व्हावे. शिवाय इंग्लंडमधल्याच दुसऱ्या क्लबातल्या खेळाडूशी अशी आगाऊ बोलणी करता येत नाहीत, आणि तो चोवीस वर्षांखालचा असेल तर करार संपल्यावरही भरपाई द्यावी लागते. नवखे इथेच फसतात.

नव्वदच्या दशकापासून सल्ल्यांचे स्वरूप पालटले. प्रत्येक खेळाडूला आता दोनाऐवजी कितीतरी आकडे मिळाले : वेग, पास, धैर्य, निर्णयशक्ती, बहुतेक एक ते वीस या मापात. त्यांच्या आड आणखी दोन दडलेले आकडे असत. आजची क्षमता आणि उद्याची शक्यता, दोन्ही दोनशेपैकी. हे आकडे भरायला जगभर स्वयंसेवक नेमले गेले. पुढे त्यांची संख्या हजारावर गेली. आपल्या गावच्या क्लबचा सराव पाहून कोणीतरी सतरा वर्षांच्या पोराला गुण देई आणि तो गुण लाखो संगणकांवर पोहोचे. मग सल्ला डावपेचांचा उरला नाही, नावांचा झाला. अमुक घ्या, तमुक घ्या.

२००१ च्या शरद ऋतूत आलेली '०१/०२' ही आवृत्ती या नावांसाठी अजून आठवली जाते. मिलवॉलचा चेर्नो सांबा, डर्बी काउंटीचा टोन्टन झोला मुकोको, दिनामो मिन्स्कचा मक्सिम त्सिगाल्को. पोर्तुगालच्या एका छोट्या क्लबातला तो मडेइरा नावाचा आघाडीवीर तर गोलांचा पाऊस पाडी. पुढे उघडकीस आले की असा खेळाडू नव्हताच. माहिती भरणाऱ्या एका स्वयंसेवकाने त्याला मनाने रचून आत घुसवले होते.

बाकीचे तिघे मात्र खरे होते आणि खरोखरच होतकरू होते. मुकोको डर्बीच्या पहिल्या संघाकडून एकदाही उतरला नाही. सांबाला लिव्हरपूलने शाळकरी वयातच मागणी घातली होती. तो व्यवहार फिसकटला आणि पुढे स्पेन, इंग्लंड, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे अशी त्याची भटकंती झाली. त्सिगाल्कोला दुखापतींनी गाठले. त्याने तिशीच्या आतच खेळ सोडला. २५ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला, तेव्हा मिन्स्क कधी न पाहिलेल्या हजारो माणसांनी हळहळ व्यक्त केली. त्यांनी त्याला एकदाही खेळताना पाहिले नव्हते. 'शक्यता' या रकान्यात दुखापत, घरचे दुःख, प्रशिक्षकाची नाराजी यांना जागा नसते. अनोळखी लोक रस्त्यात थांबवून आपल्याच संघातल्या गोलांचे हिशेब सांगू लागले की त्या मुलांना काय वाटत असेल, हा प्रश्न खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पडला असावा.

तरीही ती माहिती निरुपयोगी होती असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हर्टन या प्रीमियर लीगमधल्या क्लबने खेळाडू हेरण्यासाठी तिचा वापर करण्याचा करार केला. तोवर कॉलियर बंधूंची कंपनी जुन्या प्रकाशकापासून वेगळी झाली होती. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हे नाव प्रकाशकाकडे राहिले, माहितीचा साठा बंधूंकडे. २००४ च्या नोव्हेंबरात तोच खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने पुन्हा आला. नाव गेले, गिऱ्हाईक टिकले. साठ्याची किंमत त्यावरून कळते.

डावपेचांचा इतिहास याहून गमतीचा आहे. '०३/०४' च्या आवृत्तीत 'दियाब्लो' नावाची एक मांडणी हातोहात पसरली. तीत मधल्या फळीतला एक खेळाडू बाण लावून पुढे पाठवला की तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतच नसे आणि गोलांची रास लागे. यात फुटबॉलचे ज्ञान शून्य होते. संगणकाच्या डोळ्यावरचे झापड कोणीतरी शोधून काढले होते, इतकेच. अशा युक्त्या पुढच्या आवृत्तीत निकामी होतात. टिकणारा सल्ला वेगळा आहे : एकच मांडणी संघाच्या अंगवळणी पडू द्या, एका पराभवाने ती मोडू नका आणि हाती असलेल्या खेळाडूंना पेलेल अशीच निवडा. २०१९ च्या आवृत्तीपासून 'गेगेनप्रेस', म्हणजे चेंडू गमावताच तो परत मिळवायला तुटून पडण्याची पद्धत, तयार साच्यातच मिळते. युर्गन क्लॉप यांच्या लिव्हरपूलचा तो काळ. पण असा खेळ अंगातला दम खातो. छोट्या क्लबने तो वर्षभर चालवला, तर फेब्रुवारीपर्यंत निम्मा संघ दवाखान्यात असतो. तेव्हा खेळणाऱ्याला आपसूक केव्हिन टॉम्स यांच्याकडे परतावे लागते : दमसास बघा, खेळाडू बसवा.

२०२५ ची आवृत्ती निघालीच नाही. दोनदा लांबणीवर टाकून फेब्रुवारी २०२५ मध्ये ती रद्द झाल्याचे कंपनीने जाहीर केले. त्या वर्षी अनेकांनी जुन्याच आवृत्तीत नवी माहिती भरून वेळ निभावला. हौशी मंडळी '०१/०२' साठीही आजतागायत हेच करीत आली आहेत. दर हंगामात आजचे खेळाडू त्या जुन्या साच्यात बसवले जातात. मूळ माहिती तशीच ठेवून खेळणारेही काही आहेत. त्यांच्या पडद्यावर जुलै २००१ उजाडतो, त्सिगाल्को अठरा वर्षांचा असतो आणि दिनामो मिन्स्क त्याला स्वस्तात सोडायला तयार असते.