रंजनाची चाकरी: सर्कशीच्या तंबूपासून खोपोलीच्या उद्यानापर्यंत

१/ रायगड जिल्ह्यातील निडी हे पेण-रोहा पट्ट्यातले गाव. पावसाळी भाताचे एक पीक, त्यामागून थोडा वाल, आणि पुढे पावसापर्यंत हाताला काम शोधायचे, हे या भागाचे जुने गणित. हे काम कोणे एके काळी मुंबईच्या गिरण्यांत मिळे. पुढे नागोठणे-धाटावच्या कारखान्यांत मिळू लागले. #थ्रेड

२/ २०१३ साली खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे भव्य मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर एक निराळीच चाकरी आली: लोकांना आनंद देण्याची. अशा उद्यानांत दिवसभर उभे राहावे लागते, सणवार इतरांचे असतात, आणि पाळणा शंभराव्यांदा फिरवतानाही चेहरा हसरा ठेवावा लागतो. तरीही तरुण ती का पत्करतात?

३/ “दुसरे काही मिळत नाही म्हणून,” असे एक उत्तर दिले जाते. “आवडते म्हणून, मग तक्रार कशाला?” असे दुसरे. महाराष्ट्रातील रंजनव्यवसायाचा इतिहास पाहिला तर ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

४/ आरंभ सर्कशीपासून करू. इटालियन सर्कसचालक क्यारिनी यांचे खेळ मुंबईत पाहून, घोडे शिकवण्यात नाणावलेले विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली. भारतीय सर्कशीचा प्रारंभ तेथून मानतात. त्यामागून देवल, कार्लेकर, शेलार अशा मराठी सर्कशी देशोदेशी हिंडू लागल्या.

५/ सर्कशीत हाडे मोडत, वाघ पंजा मारी, घर वर्षानुवर्षे दिसत नसे. तरी माणसे जात. दामू धोत्रे यांचे उदाहरण पाहा. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरला आणि पुढे हिंस्र पशूंचा शिक्षक म्हणून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात उभा राहिला. त्या काळी सामान्य घरातल्या मुलाला जग दाखवणाऱ्या वाटा किती होत्या?

६/ आता तमाशा. नारायणगावी पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यासाठी येतात. फडाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. पावसाळ्यात कलावंत घरी असतो, आणि नेमकी तेव्हाच घरात पैशाची चणचण असते.

७/ येथे ‘उचल’ येते. उचल म्हणजे हंगामाआधी फडमालकाने कलावंताला दिलेली आगाऊ रक्कम. लग्न, आजारपण, घराची शाकारणी तिच्यावर निभते. मग हंगामभर काम करून ती फेडायची. फडमालकही बहुधा सावकाराकडूनच पैसे उभे करतो. बाहेरून निवड वाटणाऱ्या कामाला आत कर्जाची अशी गाठ असते.

८/ पण गाठ एवढीच असती, तर पठ्ठे बापूराव तमाशात गेलेच नसते. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. वतन होते, जातीचा मान होता. दोन्हींवर पाणी सोडून ते फडात उतरले आणि १९४५ साली पुण्यात दारिद्र्यात वारले. त्यांना पोटाने ढकलले नव्हते. शब्दाला हजारोंनी दिलेली दाद त्यांना वतनाहून मोठी वाटली होती.

९/ ज्या दलित आणि कोल्हाटी समाजांनी तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला, त्यांच्यासाठी या दादेचा अर्थ आणखी खोल होता. गावात ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांचे नाव ऐकून तेच गाव रात्रभर मांडी घालून बसे. पहाटे खेळ संपला की गाव पुन्हा पूर्ववत होई, हेही तितकेच खरे.

१०/ म्हणजे तीन कारणे दिसतात: एकपिकी जमिनीला न पुरणारा पैसा, गावात न मिळणारी प्रतिष्ठा, आणि बिऱ्हाडासारखी सांभाळणारी ‘कंपनी’. यांतली मधली दोन-तीन वर्षे कंपनीत काढलेला माणूस घरी परतला तरी रमत नसे, कारण तिन्ही गोष्टी एकत्र दुसरीकडे सापडत नसत.

११/ आता दोन प्रसिद्ध प्रसंग. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग मात्र झाला. विठाबाई नारायणगावकरांविषयी सांगतात की, खेळ चालू असताना राहुटीत त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या.

१२/ हे प्रसंग आपण कलानिष्ठेचे म्हणून सांगतो, आणि ती निष्ठा खरीच होती. पण श्रमाच्या इतिहासात ते वाचताना दुसरा प्रश्न पडतो: त्या दिवशी त्यांना सुटी का नव्हती? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाईंची अखेरची वर्षे हलाखीत का गेली?

१३/ कामाच्या अटी आपोआप सुधारल्या नाहीत. सर्कशीत मुलांना राबवण्यास मनाई करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले ते २०११ साली, छत्र्यांच्या तंबूनंतर १३१ वर्षांनी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा फड आणि उद्याने दोन्ही बंद पडली, आणि हंगामावर जगणाऱ्यांच्या हाती काय उरते ते सर्वांना दिसले.

१४/ उद्यानातला तरुण या परंपरेचा वारस आहे. त्याला गणवेश मिळतो, महिन्याचा पगार मिळतो, सोबतीचे मित्र मिळतात आणि घर टप्प्यात राहते. भाताच्या खाचरापेक्षा त्याला हे बरे वाटले तर त्यात नवल नाही. ती त्याची विचारपूर्वक केलेली निवड आहे.

१५/ मात्र काम निवडणे म्हणजे त्याच्या सगळ्या अटींना मान्यता देणे नव्हे. बापूरावांनी तमाशा निवडला होता, दारिद्र्य नव्हे. पुढच्या सुटीत पाळण्यात बसताना जो हात आपला पट्टा दोनदा ओढून पाहतो, त्याच्या साप्ताहिक सुटीचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न याच इतिहासाचा चालू भाग आहे.

१६/ आपल्या घराण्यात कोणी सर्कशीत, फडात वा नाटक कंपनीत होते का? असल्यास त्यांच्या पगाराची, उचलीची, प्रवासाची आठवण खाली अवश्य लिहा. थ्रेड समाप्त.