चांदमारी आणि दूरचा नेम : मुंबई इलाख्यातील रायफल-नेमबाजीच्या आरंभासंबंधी एक टिपण

अंबरनाथ म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्यास शके ९८२ च्या शिलालेखाचे शिवालय आठवते. शेजारच्या मोरिवलीच्या रहिवाशास मात्र प्रथम आठवतात ते आयुधनिर्मितीचे सरकारी कारखाने. ज्या परिसरात शस्त्रास्त्रांच्या उद्योगावर पिढ्यांची उपजीविका झाली, तेथील तरुणास पाचशे किंवा हजार यार्डांवरील लक्ष्यावर नेम धरण्याची विद्या कोठे शिकता आली असती, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचा माग काढू लागले असता तो थेट १८५७ पर्यंत नेतो.

दूरचा नेम ही हाताच्या वा डोळ्याच्या उपजत कौशल्याची बाब नव्हे. गुळगुळीत नळीची बंदूक शंभर यार्डांपलीकडे भरवशाची नसे. नळीत पिळाचे आटे पाडून गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती दिली, तेव्हा कोठे गोळीचा मार्ग स्थिर झाला व लक्ष्य लांब नेता आले. त्याबरोबर अभ्यासाचे स्वरूपही पालटले. अंतर अजमावणे, त्या मानाने मागील दर्शक पट्टी उचलणे, वाऱ्याचा रोख ओळखणे, या गोष्टी शिकवाव्या लागू लागल्या. इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये बंदूकविद्येची शाळा निघाली, ती याच कारणाने. सात वर्षांनी, १८६० मध्ये, विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने नव्या राष्ट्रीय रायफल संस्थेच्या सामन्यांचा आरंभ केला. चारशे यार्डांवरून सुटलेली तिची गोळी मध्याजवळ लागली खरी. पण बंदूक अगोदर ठोकळ्यात घट्ट बसवून नेम साधून ठेवलेली होती. राणीकडे काम होते ते केवळ दोरी ओढण्याचे!

याच सुमारास हिंदुस्थानात नेमके उलट पाऊल पडत होते. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठी एनफील्डचा जो नमुना सिद्ध झाला, त्याच्या नळीतील आटे काढून ती गुळगुळीत करण्यात आली. दूरच्या अंतराची उचलती दर्शक पट्टीही त्यावर नव्हती. बाहेरून बंदूक तीच, परंतु दूरचा नेम तिच्यातून वजा केलेला. सरकारी अविश्वासाचा याहून बोलका पुरावा मला तरी माहीत नाही. कागदोपत्री धोरणे पुष्कळ सापडतात. येथे ते धोरण नळीच्या आत कोरलेले, किंबहुना खरवडलेले आहे. पुढे हिंदी शिपायास रायफल मिळाली, तरी ती बहुधा गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी जुनी असे.

नागरिकांची वाट १८७८ च्या शस्त्र-कायद्याने अडविली. परवान्याची अट हिंदी माणसास. युरोपियनास नियमांतून सूट. रेल्वेच्या मार्गावरही हाच भेद दिसतो. कल्याणवरून अंबरनाथ ओलांडून घाटाकडे जाणारी जी. आय. पी. रेल्वे आपल्या युरोपीय व अँग्लो-इंडियन नोकरांचे स्वयंसेवक दल बाळगून होती. त्यांच्यासाठी चांदमारी हा सेवेचाच भाग होता. त्याच रुळांवर राबणाऱ्या मराठी गँगमनला त्यात स्थान नव्हते. काँग्रेसने १८८६ मध्ये स्वयंसेवक-प्रवेशाची व १८८७ मध्ये शस्त्र-कायदा सौम्य करण्याची मागणी केली, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. या ठरावांकडे केवळ मानापमानाचा प्रश्न म्हणून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांत शिक्षणाचा प्रश्नही होता. डॉ. मुंजे यांनी नाशकास १९३७ मध्ये भोसला सैनिकी शाळा काढली, तिचा हेतू ज्या राजकारणात गुंतलेला होता त्याविषयी मतभेद होणारच. परंतु विद्येची ती उणीव त्यांनी बरोबर हेरली होती.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संस्था स्थापन झाली व लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा नवोदितांना ओळखीची आहे. तथापि १९५९ च्या शस्त्र-कायद्यात परवानाधारकाने किती हत्यारे बाळगावीत यावर जी मर्यादा आहे, तिच्यातून मान्यताप्राप्त मंडळाच्या सभासदास सूट मिळते ती .२२ बोअरच्या रायफलीपुरती व हवेच्या बंदुकीपुरती. लष्करी मापाचे काडतूस सामान्य नागरिकास मिळणे दुरापास्त, आणि हजार यार्ड मोकळी जमीन, तिच्यामागे गोळी अडविणारा टेकाड, हे तर आता अंबरनाथ-बदलापूरच्या वस्तीत कल्पनेतही बसत नाही. म्हणून महाराष्ट्राची कीर्ती झाली ती जवळच्या अंतरांवर. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जागतिक सुवर्णपदक मिळविले, ते ५० मीटरवर.

अंतर वाढले की काय बदलते, हे फलकांची मापेच सांगतात. ५० मीटरच्या फलकावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे. ३०० मीटरच्या फलकावर ते १०० मिलिमीटर. अंतर सहापट, वर्तुळ मात्र जवळजवळ दहापट. ही जादा सवलत मुख्यतः वाऱ्याला दिलेली आहे. नवशिक्याने दूरच्या मैदानावर प्रथम शिकावयाचे ते निशाणांच्या फडफडीकडे पाहणे, चाप नंतर.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले. ते तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाच्या नोकरीत होते. जी. आय. पी. रेल्वेचे मध्य रेल्वेत रूपांतर झाले तेही १९५१ मध्येच.