बाकावर कोण बसते?

शाळेचा खर्च सरकारचा आणि व्यवस्थापन खासगी, ही रचना आपल्याला नवी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ साली अशा ‘चार्टर’ शाळांचा कायदा केला. आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यानेच खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचा पुरस्कार केला होता. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांचे मूळ तेथे आहे. मात्र या रचनेची चर्चा होते तेव्हा खर्च आणि निकाल यांचाच हिशेब मांडला जातो. माझ्या मते प्रशासनाने पहिला प्रश्न वेगळा विचारावा : बाकावर बसते कोण?

हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात विचारला होता. महसूल भरतो शेतकरी आणि शिक्षणावरील पैसा जातो वरिष्ठ वर्गांच्या मुलांकडे, ही विसंगती त्यांनी दाखवली आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यापुढचे पाऊल मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा आदेश दिला. पटसंख्या वाढणे आणि वर्ग एक होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांची तरतूद याच विचाराची आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना या प्रवेशांतून सूट दिली. कागदावर तर्क सरळ होता : जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यावेत? पण शहरांत अशी शाळा बहुधा जवळ असतेच. म्हणजे गरिबाचे मूल एका शाळेत आणि सधनाचे दुसऱ्या, हाच परिणाम झाला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलास स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द ठरवला.

शुल्कप्रतिपूर्ती थकते, ही खासगी शाळांची तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर वेळेवर पैसे देणे हे आहे, मुलांची वाटणी करणे हे नव्हे. शाळा चालवण्याचे काम शासनाला दुसऱ्यावर सोपवता येईल. तिचे दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याची जबाबदारी सोपवता येणार नाही.