अमेत-खान सुलतान : आकाश गाजवणारा चाचणी वैमानिक आणि हद्दपार झालेली कौम

अमेत-खान सुलतान (१९२०-१९७१) हे सोव्हिएत हवाई दलातले लढाऊ वैमानिक आणि नंतरचे नामवंत चाचणी वैमानिक, म्हणजेच टेस्ट पायलट. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा त्या देशाचा सर्वोच्च किताब त्यांना एकदा नव्हे, दोनदा मिळाला. ते क्रिमियातल्या तातार मुस्लिम समाजातले. ज्या सरकारने त्यांच्या छातीवर पदकं लावली, त्याच सरकारने त्यांच्या संपूर्ण समाजाला ‘गद्दार’ ठरवून एका रात्रीत घराबाहेर काढलं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

अमेत-खान यांचा जन्म ऑक्टोबर १९२० मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील अलुप्का या गावी झाला. वडील सुलतान हे मूळचे दागेस्तानच्या डोंगराळ भागातील लाक जमातीचे, तर आई क्रिमियन तातार. घरची परिस्थिती साधारणच. शाळा संपल्यावर त्यांनी सिम्फेरोपोलला रेल्वेचं तांत्रिक शिक्षण घेतलं आणि रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलं. सोबतच फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकणं चालू होतं. तिथून ते काचा येथील सैनिकी विमानविद्यालयात गेले आणि १९४० मध्ये वैमानिक बनून बाहेर पडले.

महायुद्धातील कामगिरी

३१ मे १९४२ रोजी यारोस्लाव्ल शहरावर जर्मन बॉम्बफेके विमान चालून आलं. अमेत-खान ब्रिटिश बनावटीचं ‘हरिकेन’ उडवत होते. गोळ्या संपल्या, शत्रू मात्र समोरच होता. तेव्हा त्यांनी आपलं विमानच शत्रूच्या विमानावर आदळवलं आणि स्वतः पॅराशूटने खाली उतरले. त्यानंतर स्टालिनग्राडची लढाई आली. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांना पहिल्यांदा ‘वीर’ किताब मिळाला.

जानेवारी १९४४ मधला एक प्रसंग पुढच्या आयुष्याची चाहूल देणारा आहे. जर्मनांचं ‘श्टोर्ख’ हे छोटं विमान त्यांनी हवेत घेरून आपल्याच तळावर उतरायला भाग पाडलं. मग त्यात बसून कळा-बटणं समजून घेतली आणि ते उडवूनही दाखवलं. अनोळखी यंत्र हातात आलं की थोड्याच वेळात त्याचा स्वभाव ओळखायचा, हा गुण त्यांच्यात उपजत होता.

युद्ध संपेपर्यंत त्यांची ६०० हून अधिक उड्डाणं झाली. एकट्याने ३० आणि साथीदारांसोबत १९ विमानं पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर दिली जाते. जून १९४५ मध्ये दुसरा ‘वीर’ किताब मिळाला.

१८ मे १९४४ : कौम हद्दपार

या दोन किताबांच्या मधल्या काळात जे घडलं ते सांगितल्याशिवाय ही माहिती अपुरी राहील. मे १९४४ मध्ये क्रिमिया जर्मनांच्या ताब्यातून सुटला. लगेच, ११ मे रोजी, स्टालिनच्या सहीचा हुकूम निघाला की सर्व क्रिमियन तातारांना हलवा. आरोप जर्मनांना साथ दिल्याचा. काही लोकांनी तशी साथ दिली होती, हे खरं. पण हजारो तातार जवान त्याच वेळी लाल सैन्यात लढत होते, हेही तितकंच खरं. शिक्षा मात्र सगळ्यांनाच झाली.

१८ मे च्या पहाटे सैनिक दारात उभे राहिले. सामान बांधायला जेमतेम काही मिनिटं दिली गेली. म्हातारे, बायका, लेकरं मालगाडीच्या डब्यांत कोंबली गेली. तीन दिवसांत १ लाख ८० हजारांहून अधिक माणसं उझबेकिस्तान आणि इतर भागांकडे रवाना झाली. वाटेत आणि पुढच्या काही वर्षांत भूक व रोगराईने हजारो दगावले.

अमेत-खान त्या दिवसांत रजेवर अलुप्कालाच होते. वरिष्ठांच्या मध्यस्थीमुळे त्यांचे आईवडील वाचले. शेजारपाजार, आप्त, लहानपणीचे सवंगडी मात्र गेले. ते स्वतः पुन्हा आघाडीवर परतले आणि एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनच्या आकाशात त्यांनी शेवटचं शत्रूविमान पाडलं.

चाचणी वैमानिक म्हणून कारकीर्द

१९४७ पासून मॉस्कोजवळील झुकोव्स्की येथील उड्डाण संशोधन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. चाचणी वैमानिकाचं काम नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. विमान कागदावर कितीही बरोबर असलं तरी हवेत ते कसं वागेल हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. ते पहिल्यांदा उडवायचं, मुद्दाम त्याच्या मर्यादेपर्यंत न्यायचं, बिघडलं तर शक्यतो सुखरूप परत आणायचं आणि काय झालं ते इंजिनिअरना अचूक सांगायचं. पुढे शेकडो वैमानिक बिनघोर उडतात, ते या माणसाने आधी धोका पत्करलेला असतो म्हणून.

१९४९ मध्ये इगोर शेलेस्त यांच्यासोबत त्यांनी हवेतल्या हवेत एका विमानातून दुसऱ्यात इंधन भरण्याचे प्रयोग केले. त्यानंतरचं काम त्याहून जोखमीचं होतं. ‘कोमेता’ नावाचं जहाजभेदी क्षेपणास्त्र तयार होत होतं. त्याची यंत्रणा तपासण्यासाठी स्फोटकांऐवजी माणूस बसेल अशी प्रतिकृती बनवली गेली. ‘तू-४’ या मोठ्या विमानाच्या पंखाखाली ती लटकवायची, उंचावरून सोडून द्यायची आणि खाली पडता पडता इंजिन चालू करायचं. एका चाचणीत इंजिन चालूच होईना. अमेत-खान यांनी उडी मारली नाही. जमीन अगदी जवळ आली तेव्हा इंजिनने दम धरला आणि ते यंत्र सहीसलामत परत आणलं गेलं. या कामाबद्दल त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं.

आता इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. या चाचण्यांचा मोठा भाग क्रिमियातच, केर्चजवळच्या बागेरोवो तळावरून झाला. म्हणजे ज्या भूमीवर त्यांच्या कौमला पाऊल ठेवायला बंदी होती, त्याच भूमीवरून ते देशाचं नवं शस्त्र तपासत होते. पारितोषिकावर नाव होतं, तेही हद्दपारीचा हुकूम देणाऱ्याचंच.

१९५८ मध्ये वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीची चाचणी चालू होती. ‘मिग-१५’ च्या दोन आसनी विमानात मागे व्हॅलेरी गोलोविन बसले होते. खुर्चीचं स्फोटक भलतीकडेच फुटलं, इंधनाची टाकी फाटली आणि केरोसिन आत भरू लागलं. गोलोविन अडकून पडले. अमेत-खान यांना स्वतः बाहेर पडता आलं असतं. पण साथीदाराला सोडून ते गेले नाहीत. विमान जमिनीवर उतरवलं आणि दोघेही वाचले.

१९६१ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाचे सन्माननीय चाचणी वैमानिक’ हा किताब मिळाला. सुमारे १०० प्रकारची विमानं त्यांनी हाताळली, असं सांगितलं जातं.

समाजासाठी प्रयत्न

१९५६ मध्ये तातारांवरील देखरेखीचे निर्बंध उठले, पण मायदेशी परतायची परवानगी मिळाली नाही. त्याच वर्षी आपल्या समाजाला न्याय द्यावा, अशी मागणी करणाऱ्या पत्रावर अमेत-खान यांनीही सही केली. १९६७ मध्ये सरकारने सरसकट गद्दारीचा ठपका मागे घेतला. घर मात्र दिलं नाही. मोठ्या संख्येने परतणं शक्य झालं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी.

मृत्यू आणि स्मृती

ते दिवस अमेत-खान यांना पाहता आले नाहीत. १ फेब्रुवारी १९७१ रोजी ‘तू-१६’ या उडत्या प्रयोगशाळेतून नव्या जेट इंजिनाची चाचणी घेताना विमान कोसळलं आणि सोबतच्या साऱ्या सहकाऱ्यांसह त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ५० वर्षं. मॉस्कोच्या नोवोदेविची कबरस्तानात त्यांना दफन करण्यात आलं. दागेस्तानमधील मखाचकला विमानतळाला आज त्यांचं नाव आहे, आणि अलुप्काला त्यांचं संग्रहालय आहे. २०१३ मध्ये अख्तेम सेइताब्लायेव यांनी ‘हायतार्मा’ हा चित्रपट काढला, तो त्यांच्यावर आणि त्या मे महिन्यावरच.

एखाद्या समाजातल्या एका माणसाला डोक्यावर घेतलं म्हणजे त्या समाजाला न्याय मिळाला असं होत नाही. अमेत-खान यांच्या जीवनातून आम्हाला तरी हेच उमगतं. त्यांची निष्ठा कुणीही तपासून पाहावी, आकाशात ती रोज तपासली जात होती. खालच्या माणसांना मात्र ती सिद्ध करायची संधीसुद्धा कुणी दिली नाही.