जोडशब्दांची फोड आणि आघात

‘किर्लोस्करवाडी’ या शब्दात लेखी अक्षरे सहा आहेत. बोलताना मात्र पाचच उच्चारखंड ऐकू येतात : किर्-लोस्-कर्-वा-डी. देवनागरीत जे जोडून लिहिले जाते ते उच्चारात अनेकदा तुटते आणि जे सुटे दिसते ते जोडले जाते. सातारा-सांगलीची ग्रामनामे याची उत्तम उदाहरणे होत.

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सहसा उच्चारला जात नाही. जोडशब्दातही पहिल्या घटकाचा हा शेवट कायम राहतो. त्यामुळे ‘सज्जनगड’ची फोड सज्-जन्-गड् अशी, तर ‘तासगाव’ची तास्-गाव् अशी होते. ‘मिरजकर’मध्ये मि-रज्-कर् असे मूळ नाव अखंड राहते, पण विभक्तिप्रत्यय लागताच ते बदलते : मिर्-जे-ला. घटकाच्या शेवटी जोडाक्षर असेल तर त्याचा ‘अ’ टिकतो. म्हणून वाईचा ‘विश्वकोश’ विश्-व-कोश् असा, तर साताऱ्याचा ‘अजिंक्यतारा’ अ-जिंक्-य-ता-रा असा उच्चारला जातो.

संधी झाल्यास सांधा दिसत नाही. ‘महाबळेश्वर’मधील ‘ळे’ या एकाच अक्षरात ‘महाबळ’चा शेवट आणि ‘ईश्वर’चा आरंभ सामावलेला आहे.

आघाताचे काय? डॅनिश भाषेत लांबलचक जोडशब्दाच्या बहुधा पहिल्या घटकावर मुख्य आघात येतो. मराठीत आघात सौम्य असतो आणि तो बहुधा जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर पडतो. ‘किर्लोस्कर’मधील ‘कि’ ऱ्हस्व असूनही आघातामुळे छंदात गुरू ठरतो. ‘कऱ्हाड’मधील ‘क’वर मात्र असा आघात येत नाही; तो लघूच राहतो. रफार आणि अर्धचंद्राकृती ‘ऱ’ या दोन चिन्हांचे प्रयोजन हेच होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, फोड दर्-या. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, फोड द-ऱ्या. एका चिन्हाची चूक झाली, तर कोयनेच्या दऱ्यांचा समुद्र होतो.

बातम्या वाचणारे निवेदक, नव्याने वाचू लागलेली मुले आणि मजकूर मोठ्याने वाचणारे संगणक या सर्वांना हीच अडचण येते. केवळ अक्षरे मोजून उच्चार साधत नाही. ‘कवठेमहांकाळ’सारखे नाव समोर आले, की आधी त्यातील दोन शब्दांचा सांधा शोधावा, कव्-ठे-म-हां-काळ् ही फोड मग आपोआप जिभेवर येते.